पार्किंगमधली गाडी आणि तिचं इंजिन

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेडान गाड्यांच्या इंजिनच्या नेहमीच्या तक्रारींवर बोला, असं मंडळाने मला सांगितलं. मी काही मेकॅनिक नाही. बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. कार लोनसाठी आलेला माणूस दोनच गोष्टी विचारायचा : हप्ता किती बसेल आणि गाडी ॲव्हरेज किती देते? दहा वर्षांनी ही गाडी काय काय मागेल, हे कोणी विचारायचं नाही. आज आपल्या पार्किंगमधल्या बऱ्याच सेडान त्या वयाला पोचल्या आहेत, आणि त्यांचे मालक आपल्या वयाला. निवृत्तीनंतर चांगल्या मिस्त्रींजवळ बसून आणि गाड्यांची मॅन्युअलं वाचून जे समजलं, ते सांगतो.

आपल्या शहराला मोटारीचं कौतुक जुनंच. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू झाली, म्हणजे ती गाडी आणि आपली सोसायटी जवळपास एका वयाच्या. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एका दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर गाजली. तेव्हा गाडी घेण्यात आपण कोणाला हार जात नाही. प्रश्न आहे तो सांभाळण्याचा.

पहिली तक्रार, गाडी तापते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, जालना रोडवर एकामागून एक सिग्नल, वर एसी चालू. पण उन्हाइतकंच कारण आपल्या पाण्यात आहे. नळ काही दिवसांआड येतो, म्हणून बोअर आणि टँकर. तेच पाणी आपण बाटलीने कूलंटच्या टाकीत ओततो. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला, आणि त्यात मिसळायचं पाणी डिस्टिल्डच हवं. कूलंट सारखं कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका. वॉटर पंप, रबरी पाइप किंवा रेडिएटर, कुठेतरी गळती आहे. काटा वर चढला की एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. तसंच दामटत घरी आणलं, तर हेड गॅस्केट जातं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसते. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर गाडी चालू न करता टो करूनच न्यायची.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. इंजिनमधले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ हा रबरी पट्टा राखतो. जुन्या ऑक्टाव्हियाचं १.९ लिटर डिझेल इंजिन, रॅपिड आणि व्हेंटोची डिझेल इंजिनं बेल्टवर चालतात. होंडा सिटीच्या पेट्रोल इंजिनात मात्र साखळी आहे. बेल्ट तुटला तर या डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात, आणि बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट बिल येतं. आपण म्हणतो, "गाडी कुठे फिरलीय एवढी?" पण रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षंही मोजतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे दिलेले असतील, तर जो आधी येईल तो धरायचा. मुदत ठेवीची तारीख बघतो तशी ही तारीख डायरीत लिहून ठेवा. साखळीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ऑइल वेळेवर बदललं नाही की साखळी सैल पडते आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना खडखड ऐकू येते. गाडी फिरो न फिरो, ऑइल वर्षातून एकदा बदलाच.

तिसरी, डिझेलवाल्यांची. सिडकोतून औरंगपुऱ्यात भाजीला जायचं आणि परत. इंजिन नीट तापायच्या आत बंद. अशाने ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचते, गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर एक जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. काजळी जाळून ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारखी चालावी लागते. तो दिवा लागला तर गॅरेजला जाण्याआधी मॅन्युअल उघडा आणि त्यात सांगितलंय तशी गाडी चालवा. तरीही दिवा गेला नाही, तर मग मिस्त्री.

चौथी, पेट्रोलवाल्यांची. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, स्टिअरिंग हातात नाचतं. बहुधा स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा थ्रॉटलमधला कचरा. कधी इंजिन ठणठणीत असतं आणि त्याला धरून ठेवणारे रबरी माउंटिंग बसलेले असतात. म्हणून इंजिन उघडायला सांगणाऱ्याला आधी विचारा, "माउंटिंग बघितलं का?" इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी थांबवा. ही जप्तीआधीची शेवटची नोटीस समजा.

पाचवी तक्रार सगळ्यांचीच : गाडी चालूच होत नाही. मुलं पुण्यात, बंगळूरला, परदेशात. गाडी महिना महिना कव्हरखाली. बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. रोज पाच मिनिटं जागेवर चालू ठेवून फारसं काही साधत नाही, स्टार्टरने घेतलेलं भरून निघेपर्यंत आपण बंद करतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर काढावी लागते.

हे सगळं मी का सांगतोय? गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडे एका वहिनींच्या छातीत रात्री दीड वाजता दुखायला लागलं. भाऊंनी चावी फिरवली, नुसता टक्‌टक्‌ आवाज. शेजारच्यांची गाडी त्याच आठवड्यात तापून गॅरेजला गेलेली. तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजवेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. वहिनी आज समोर बसल्या आहेत, देवाची कृपा. १०८ ला फोन तर करायचाच, पण त्या रात्री आपल्या पार्किंगमध्ये गाड्या होत्या वीस-बावीस, आणि हमखास चालू होईल अशी कोणती, हे कोणालाच माहीत नव्हतं. बँकेच्या भाषेत, खात्यावर रक्कम दिसते पण काढता येत नाही, अशातला प्रकार.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, प्रत्येक विंगमध्ये दोन गाड्या सदैव तयार ठेवायच्या आणि त्यांच्या मालकांचे नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावायचे. ज्यांना रात्री दिसायला त्रास होतो त्यांनी नुसती गाडी द्यावी, चालवायला आपली तरुण मंडळी आहेत. दोन, दर रविवारी सकाळी सात वाजता सगळ्यांनी आपापल्या गाड्या काढून दौलताबादपर्यंत जाऊन यायचं. बॅटरी भरेल, इंजिन नीट तापेल, आणि कोणाची गाडी कुरकुरतेय ते दिवसाउजेडी कळेल. चहा माझ्याकडून. किल्ला चढण्याची सक्ती नाही.