नदीकाठाचा हिशेब

(जयनगर, बेंगळुरू येथील माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हीरकमहोत्सवानिमित्त बोलण्यासाठी ‘शहरांचे आर्थिक पुनरुज्जीवन’ असा भारदस्त विषय मला देण्यात आला आहे. तो मी एका नदीपुरता आखूड करून घेतो. या सभागृहापासून बसवनगुडीचे नंदीमंदिर पायी तासाभराच्या आत आहे. त्या नंदीच्या पायाशी वृषभावती उगम पावते अशी श्रद्धा आहे आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. ही नदी आपण सर्वांनी पाहिली आहे, मात्र नदी म्हणून नव्हे. म्हैसूर रस्त्याने जाताना जिच्यामुळे आपण गाडीच्या काचा वर करतो ती हीच. केंगेरीच्या मेट्रोतून खाली जो काळा, फेसाळ प्रवाह दिसतो तोही हाच. गाळी आंजनेयाचे मंदिर पूर्वजांनी दोन प्रवाहांच्या संगमावर बांधले. आज मोठा पाऊस झाला की तेथे सांडपाणी शिरते.

बेंगळुरू उंचवट्यावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिम उताराचे पाणी वृषभावतीत, तेथून अर्कावतीत आणि शेवटी कावेरीत जाते. याच उतारावर शहराचा गिरणीव्यवसाय वाढला. बिन्नीच्या नावाने ओळखली गेलेली गिरणी १८८४ मधली. मल्लेश्वरमची राजा मिल आणि मागडी रस्त्याची मिनर्व्हा याही याच भागातल्या. पुढे पीण्याची औद्योगिक वसाहत झाली आणि तिचेही पाणी याच खोऱ्यात उतरले. गिरण्या बंद पडल्या. राजा मिलच्या जागी २०१० मध्ये मोठा मॉल उभा राहिला आणि बिन्नीच्या जमिनीवर निवासी मनोरे आले. जमिनीचे पुनरुज्जीवन झाले. नदीला मात्र दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती मिळाल्या. कारखाने कमी झाले म्हणून ती स्वच्छ झाली नाही, कारण तिच्यात आज मुख्यतः वाहते ते घरांचे सांडपाणी. म्हणजे आपलेच.

उद्योग गेला की जमीन मोकळी होते आणि तिला भाव येतो. तो भाव कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न आहे. मराठी माणसाला तो गिरणगावाने शिकवला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्वीच्या जोमाने कधीच सुरू झाल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी केवळ पूर्वीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. नियमातील काही शब्द बदलल्याने केवढी संपत्ती हात बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आता नदीकाठाचे उदाहरण घेऊ. अहमदाबादही गिरण्यांचेच शहर. तेथे साबरमतीच्या काठासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि २०१२ पासून तेथील फिरण्याचे मार्ग लोकांसाठी खुले झाले. प्रत्येक काठ सुमारे साडेअकरा किलोमीटर. संध्याकाळी तेथे सहकुटुंब येणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नाही. त्याला नाके मुरडणे मला जमत नाही. परंतु काठावरच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबे शहराच्या कडेला गेली, आणि रोजगार मात्र मागे, शहरातच राहिला. शिवाय शहरातल्या पात्रात दिसते ते नर्मदेच्या कालव्याचे पाणी आहे. वासणा बंधाऱ्याच्या खाली तीच साबरमती सांडपाणी व कारखान्यांचे पाणी घेऊन पुढे जाते. २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. काठ झाला, नदी राहिली.

म्हणून माझे म्हणणे असे की पुनरुज्जीवनाचा हिशेब काठाच्या जमिनीपासून नव्हे, पाण्यापासून मांडावा. कावेरीचे पाणी आपण सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणतो. एकदा वापरतो आणि त्यातले पुष्कळसे वृषभावतीत सोडतो. एवढा वीजखर्च करून आणलेली वस्तू एका वापरात टाकून देणारा दुकानदार किती दिवस टिकेल? बिडदीजवळच्या बैरमंगल जलाशयात हे पाणी साठते. त्याखालचे शेतकरी त्यावर तुती, मका, चारा घेतात, कारण दुसरे पाणी नाही. आमच्या शहराच्या नफातोट्याच्या पत्रकात त्यांची विहीर कुठेच नोंदलेली नसते.

याच शहराच्या दुसऱ्या उताराचे, कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्याचे, प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. त्यावर आक्षेप आहेत. शुद्धीकरण आणखी एक टप्पा पुढे न्यावे, ही तज्ज्ञांची मागणी मला रास्त वाटते. पण सांडपाणी हे भांडवल आहे, एवढे त्या योजनेने सिद्ध केले. फिरण्याचा मार्ग केला तर शेजारच्या जमिनीचा भाव वाढतो. पाणी शुद्ध केले तर अख्ख्या खोऱ्याची मिळकत वाढते. पहिल्या वाढीतला काही भाग करातून घेऊन दुसऱ्या कामावर खर्च करावा, आणि काठावर राहणाऱ्यांची गणना नकाशा काढण्यापूर्वी व्हावी, इतकी साधी माझी अपेक्षा आहे. ती सरकारकडून आहे, तशी आपल्याकडूनही. मोठ्या गृहसंकुलांना आपले सांडपाणी स्वतः शुद्ध करणे नियमाने बंधनकारक आहे, आणि आपल्यापैकी अनेक जण अशाच संकुलांत राहतात.

मीही राहतो. आमच्याकडे असे यंत्र आहे. गेल्या वार्षिक सभेत, विजेचे बिल वाचवण्यासाठी ते रात्री बंद ठेवावे असा ठराव आला. मांडणारे सर्व सुशिक्षित, सज्जन लोक. त्यांपैकी दोघे दर रविवारी नंदीमंदिरात जातात. मी उठून वृषभावतीचे नाव घेतले, तेव्हा एका गृहस्थांनी विचारले, ती कुठे आहे? चर्चा बरीच लांबली. अखेर ठराव फेटाळला गेला, तीन मतांनी. पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार आहे.