तारेवाचून जोडणी
(मारुंजी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मारुंजीला लागूनच हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. त्यामुळे बिनतारी माऊस वा कीबोर्ड येथील पुष्कळ बालकांना नवलाचा वाटत नाही. नवल न वाटणे हीच शिक्षकापुढील अडचण होय. तार दिसत नाही, म्हणजे जोडणीच नाही, अशी समजूत मुलांच्या मनात मूळ धरते. वस्तुतः जोडणी असतेच. तांब्याच्या जागी रेडिओलहरी आलेल्या असतात, एवढेच.

याचे मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १९२७ साली खडकी येथे प्रक्षेपण व दौंड येथे ग्रहण अशी योजना होऊन भारत व इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी संदेशवहन सुरू झाले. तोवर संदेश प्रामुख्याने समुद्रतळीच्या केबलींतून जात. बिनतारी सेवा इतकी स्वस्त पडली की केबल कंपन्यांचा धंदा बसू लागला, आणि १९३२ साली भारतातील हे दोन्ही व्यवसाय एका कंपनीत आणावे लागले. तथापि आज खंडाखंडांतील बहुतेक दळणवळण पुन्हा समुद्रतळीच्याच, मात्र प्रकाशतंतूंच्या, केबलींतून चालते. बिनतारी आले म्हणून तार बाद झाली, हा हिशेब इतिहासाने मान्य केलेला नाही.

माऊसमधील चिमुकला प्रेषक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे सेकंदास सुमारे २४० कोटी आंदोलनांच्या लहरींवर, बोटाच्या दाबाची वार्ता संगणकास कळवितो. भारतात अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. वायफाय तेथेच, ब्लूटूथही तेथेच. एवढ्या गर्दीतून निभावण्यासाठी मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदास १६०० वेळा जागा बदलते. आट्यापाट्या खेळणाऱ्या मुलांना ही हुलकावणी समजावून सांगावी लागत नाही!

लहरींनाही अडथळे असतात, हे वर्गातच दाखविता येईल. माऊस लोखंडी कपाटाच्या आड नेऊन पडद्यावरील बाण अडखळतो का, हे मुलांनाच पाहू द्यावे. निळ्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह चालू असता शेजारच्या ग्राहकास उपद्रव होतो. अशा वेळी ग्राहक दूरच्या खाचेत लावावा.

खरेदीचा प्रश्न निराळा. जेथे एकच संगणक आहे तेथे तारेचा कीबोर्ड व माऊस हेच उचित. त्यांना सेल लागत नाहीत, आणि नखाएवढा ग्राहक हरवून माऊस निकामी होण्याची भीती नाही. परंतु भिंतीवर मोठे चित्र पाडून शिकविताना बिनतारी माऊस अवश्य घ्यावा. तो हातोहात मागच्या रांगेपर्यंत जातो, आणि फळ्यापाशी येण्यास संकोचणारे मूल जागेवर बसूनच नकाशावरील भीमा नदी दाखविते. मात्र तारेचा एक जुना कीबोर्ड कपाटात राहू द्यावा. ब्लूटूथची जोडणी तुटली की ती पुन्हा जुळविण्यास बहुधा त्याचीच गरज पडते.