आई, तू जेवलीस का?

आजचा भाग छोटा आहे आणि जरा घरचा आहे. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

मागच्या वर्षी बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, रोज. गाव परभणीजवळ, उपचार परळच्या टाटात. म्हणून आई-बाबा दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. मी पुण्यात, नवीन नोकरी, सुट्टी मिळेना. रोज रात्री फोन करायचो. बाबा कसे आहेत? नळीतून किती गेलं? वजन किती? आई सगळं सांगायची. दोन मिनिटांत फोन संपायचा.

एका शनिवारी न सांगता गेलो. आई चादर ओढून पडलेली, अंगात ताप. चार दिवस झालेले. आणि बाबांच्या नाकातल्या नळीतून सिरिंजने ताक देत होती शेजारची एक बाई. मालद्याची, बंगालातली. तिचा नवराही पेशंट, त्यालाही नळीच, त्यामुळे हात बसलेला. तिला मराठीचा गंध नाही आणि आईचं हिंदी म्हणजे ‘हमारे ह्यांनी आज खाया नहीं’. तरी दोघींचं चाललं होतं.

म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं कुठं?"

खरंच नव्हतं विचारलं. एकदाही.

नातेवाईक येऊन जायचे हो. सफरचंदं घेऊन! ज्या माणसाला तोंड उघडता येत नाही त्याच्यासाठी. मग ‘काही लागलं तर सांग’ म्हणून निघायचे. आईला काय लागतंय हे ठरवायलाही डोकं शिल्लक नव्हतं, ती सांगणार काय? खरा उपयोगी पडला माझा चुलतभाऊ. रेशन कार्डावर बाबांचं नाव चुकलं होतं, महात्मा फुले योजनेचं काम अडलेलं. त्यानं न विचारता तालुक्याला तीन खेपा घातल्या.

मग मी ठरवलं, दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री निघायचं. शनिवार-रविवार नळी माझ्याकडे. पहिल्या शनिवारी आई सलग अकरा तास झोपली. बाबा घाबरून मला म्हणायला लागले, तिला उठव रे.

दोन गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या, तुम्ही आधीच लिहून ठेवा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, आणि सोबतच्या एका माणसालाही ७५ टक्के सवलत मिळते. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही दोन वेळा पूर्ण पैसे भरले. दुसरं म्हणजे १४४१६, टेलिमानस. सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. पेशंटच असायला हवं असं नाही. मी एकदा रात्री दीडला लावला होता. काय बोललो ते नाही सांगत.

आता बाबा मऊ भात खातात, तिखट अजून चालत नाही. परवा फोनवर आधी विचारलं, "आई, तू जेवलीस का?"

म्हणाली, "जेवते रे. आधी मालद्याला फोन लावून दे, तिच्या नवऱ्याचा रिपोर्ट येणार होता आज."

लावून दिला. पाऊण तास बोलत होत्या. कुठल्या भाषेत, ते मला अजून कळलेलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.