“एन.सी. घेतो, जा”
(रोह्याच्या बैठकीतील भाषण)



रात्रपाळी उरकून पेणहून तसाच गाडीत बसलोय. अंगाला धक्क्यावरची धूळ आहे, चालवून घ्या. शिकलो दहावी. कायदा नंतर शिकलो, तोही पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर.

१४ एप्रिलला फेसबुकवर मी एक कविता टाकली. खाली एकानं जात काढली अन् लिहिलं, गावात दिसलास तर हातपाय मोडून खाडीत फेकू. नाव उघडं, फोटो उघडा. लपायचं कशाला? पुढं काय होणार ते त्याला पाठ होतं. मी ठाण्यात गेलो. अंमलदारानं मोबाईल घेतला, अंगठ्यानं वरखाली केला, म्हणाला, “कविता तूच लिहिलीस ना? मग कशाला पेटवतोस?” म्हणजे चौकशी माझ्या कवितेची! शेवटी, “एन.सी. घेतो, जा.” घरी आई दारामागं कोयता घेऊन बसलेली.

पोलिसांना इंटरनेट कळत नाही असं कुणी सांगू नये. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकऱ्यांच्या अंत्ययात्रेला मुंबई बंद राहिली, त्यावर एका मुलीनं चार ओळी लिहिल्या, दुसरीनं लाईक केलं. धमकी कुणालाच नव्हती. जमावानं काकांचा दवाखाना फोडला आणि अटक झाली पोरींना! त्यात लावलेलं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला मोडीत काढलं.

आता जून २०२३. शरद पवारांचा दाभोलकर करू, अशी धमकी आली. सुप्रियाताई ९ तारखेला थेट मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडं. दोन-तीन दिवसांत पुण्याचा माणूस आत. बरोबरच केलं. डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, तेव्हा धमकी चेष्टेवारी नेऊ नये. पण माझ्या आईनं कुठल्या आयुक्ताकडं जायचं?

हा जिल्हा महाडचा आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी कंडी पिकवली, आणि जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तेव्हा फेसबुक नव्हतं.

तर एन.सी.चा चिटोरा घेऊन घरी येऊ नका. जातीवरून धमकी असेल तर ॲट्रॉसिटी मागा. २०१८ पासून त्यात १८अ आहे, गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तपास डीवायएसपीनं करायचा. अधिकाऱ्यानं मुद्दाम कर्तव्य टाळलं तर कलम ४, सहा महिन्यांपासून वर्षाची कैद. नुसता स्क्रीनशॉट नको, लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवा. आणि फोन विकू नका रे, पुरावा असतो तो!

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बरोबर गोदीतले अकरा जण होते. कुणी आवाज चढवला नाही. कलमं कागदावर लिहून नेलेली. या खेपेला बसायला खुर्ची मिळाली. गुन्हा नोंदला रात्री दीडला. तो अजून बाहेरच आहे, अटकपूर्व जामीन मागतोय. सोमवारी अलिबागला तारीख आहे. ज्यांना खाडा परवडेल त्यांनी सकाळी सातला पेण एस.टी. स्टँडवर भेटा.