पुरावा नेईल तिथपर्यंत



रत्नागिरी जिल्ह्यातील पत्रकारांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच रत्नागिरी शहरात झाला. या दोघांची नावे आपण दरवर्षी घेतो. आज टिळकांच्या आयुष्यातल्या एका अवघड प्रकरणाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे, कारण अधिवेशनाने चर्चेला घेतलेल्या प्रश्नाचे मूळ तिथे सापडते. प्रश्न असा आहे: राजकारणी जे बोलतात, त्याची पडताळणी वृत्तमाध्यमांनी कुठवर करावी?

आपल्या व्यवसायात याबाबत दोन मते आहेत. कोण काय म्हणाले ते आपण सांगावे, खरेखोटे वाचक ठरवील, हे एक. वाचकाकडे कागद नसतात, वेळ नसतो, म्हणून निवाडा आपणच द्यावा, हे दुसरे. माझे म्हणणे आधीच सांगते. जो दावा मोजता येतो, कागदाशी ताडता येतो, तो ताडून पाहणे हा बातमीदारीचाच भाग आहे. ती कोणाची मर्जी नाही की वेगळी सेवाही नाही. आणि पुरावा जिथे संपतो, तिथे आपणही थांबले पाहिजे.

आता टिळकांच्या त्या प्रकरणाकडे येऊ. १८८१ च्या जानेवारीत टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रे सुरू झाली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा संस्थानात छळ होत असल्याच्या वार्तांनी तेव्हा महाराष्ट्र अस्वस्थ होता. दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुण्यात आली. त्यांवर विश्वास ठेवून या दोन्ही वृत्तपत्रांनी मजकूर छापला. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये महाराजांचा अहमदनगरला पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. म्हणजे महाराजांविषयीची काळजी पोकळ नव्हती. तरीही पत्रे खोटीच होती. टिळक-आगरकरांची कळकळ, बुद्धी आणि धैर्य यांविषयी कोणाला शंका नाही. पण आपली बाजू न्याय्य आहे म्हणून हातातला कागद खरा ठरत नाही. उलट, जो कागद आपल्या मताला बळ देतो तोच आधी तपासावा लागतो, कारण त्याच्याविषयी आपल्याला संशयच येत नाही. ज्यांचा वारसा आपण सांगतो त्यांनी तुरुंगात जाऊन चुकवलेली ही किंमत आहे. आपण तिच्यापासून शिकलो पाहिजे.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊ. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा उल्लेख केला. हे विधान छापायचे, खाली विरोधकांचा संताप जोडायचा, की दोन्ही बाजू आल्या असे आपण धरून चालतो. पण या विधानाला आणखी एक बाजू होती आणि ती कोणत्याच पक्षाच्या कार्यालयात मिळणारी नव्हती. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ८७५ या संहितेच्या तिसऱ्या भागात, बांधकाम करताना कोणत्या शहरासाठी किती वारा गृहीत धरायचा, याचा तक्ता आहे. त्यात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर असा वेग दिला आहे. ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. मालवण याच दोन शहरांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. आणि तक्ता बाजूला ठेवला, तरी ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ दापोली-मंडणगडच्या माणसाने अंगावर घेतले आहे. ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या त्या वाऱ्यानंतर ४५ चा आकडा त्याला कोणी समजावून सांगायला नको.

या पडताळणीतून काय हाती आले? ताशी ४५ किलोमीटरचा वारा हे पुतळा कोसळण्याचे पुरेसे कारण होऊ शकत नाही, एवढेच. नंतरच्या चौकशी समितीने गंज आणि सदोष वेल्डिंग यांवर बोट ठेवल्याच्या बातम्या आल्या. पण या कामात कोणी पैसे खाल्ले का, याचे उत्तर वाऱ्याच्या तक्त्यात नव्हते. तो विरोधकांचा दावा होता आणि त्याला स्वतंत्र पुरावा लागत होता. सत्ताधाऱ्याचे एक विधान टिकले नाही म्हणून विरोधकाचे दुसरे विधान आपोआप सिद्ध होत नाही. नेमकी इथेच आपली घाई नडते.

आपल्या जिल्ह्याने हे सर्वाधिक अनुभवले ते रिफायनरीच्या वादात. आधी नाणार, मग बारसू. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, सुमारे ३ लाख कोटींची गुंतवणूक, लाखांत सांगितलेला रोजगार: हे आकडे सभेत आले, तिथून मथळ्यात आले आणि मथळ्यातून गावकीच्या बैठकीत गेले. रोजगाराचा आकडा कानावर पडला की तीन गोष्टी विचारायच्या असतात. बांधकामापुरत्या नोकऱ्या किती आणि कायमच्या किती? थेट किती आणि पूरक उद्योगांतल्या किती? आणि त्यांपैकी किती कामांना आयटीआय किंवा बारावी झालेला राजापूरचा मुलगा पात्र ठरेल? ज्या अहवालातून आकडा आला तो अहवाल मागितला की उत्तर तरी मिळते, नाही तर अहवालच नसल्याचे कळते. दोन्ही बातम्या आहेत.

समर्थक एक दाखला हमखास द्यायचे: जामनगरच्या रिफायनरीच्या आवारात आंब्याच्या मोठ्या बागा आहेत. हे खरे आहे. पण जामनगर कमी पावसाचा प्रदेश आहे आणि रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथली जमीन, हवा, झाडांना दिले जाणारे पाणी हे सगळे वेगळे. म्हणून हा दाखला खरा असूनही कोकणासाठी अपुरा ठरतो. दुसऱ्या बाजूने, प्रकल्प आला की हापूस संपलाच, असे विरोधक छातीठोकपणे सांगत. तेही अभ्यासाशिवाय सिद्ध होणारे नव्हते. संमतीपत्रांचे दावे एका बाजूने झाले, ग्रामसभांचे ठराव दुसऱ्या बाजूने दाखवले गेले. बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेतल्याचा आरोप झाला. ठराव ग्रामपंचायतीत असतो, मालकी सातबाऱ्यावर आणि फेरफारात दिसते. या कागदांपर्यंत जो वार्ताहर गेला, त्याची बातमी दोन्ही बाजूंना गैरसोयीची झाली. असे होणे आपण चांगल्या कामाची खूण मानले पाहिजे.

आता मर्यादांविषयी. आश्वासन आणि दावा यांची गल्लत करू नये. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे आणि ते पुरे होण्याच्या कित्येक तारखा आपण छापल्या आहेत. तारीख जाहीर होते त्या दिवशी तिला खोटी म्हणता येत नाही. पण आधीच्या तारखा त्याच बातमीत देता येतात, आणि नवी तारीख उलटली की पुन्हा विचारता येते. मताचेही तसेच. एखादे सरकार चांगले की वाईट, हे मोजपट्टीने ठरत नाही. आणि नेता चुकीचे बोलला एवढ्यावरून त्याला खोटारडा म्हणायलाही मी तयार नाही. चुकीचे विधान आकड्याने दाखवता येते. ते जाणूनबुजून केले होते, हे दाखवायला त्याला आधी सत्य माहीत होते याचा पुरावा लागतो. तो हाती असेल तर जरूर लिहा.

नुसत्या मोजणीनेही काम भागत नाही. अमेरिकेच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील ३०,५७३ खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या विधानांची नोंद केली. त्या चिकाटीला दाद द्यावी लागेल. पण तीस हजारांतले कोणते विधान आपल्या जगण्याशी भिडते, हे सामान्य वाचकाला कसे कळणार? म्हणून निवड हवी. ज्या विधानावर कोणाची जमीन, नोकरी, मत किंवा जीव अवलंबून आहे, ते आधी तपासावे.

मग निवाडा सरकारनेच का देऊ नये, असेही विचारले जाते. सरकारची माहिती अनेकदा मोलाची असते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. तिला धार्मिक रंग दिला जात असताना तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात एकही मुस्लीम नसल्याचे सांगितले. नावे समोर ठेवली, म्हणून कोणालाही ती तपासता आली. पण एप्रिल २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वेगळेच होते. केंद्राच्या कारभाराविषयी समाजमाध्यमांवरचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे केंद्रानेच नेमलेला कक्ष ठरवणार होता. त्याविरुद्ध विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्यानेच अंतिम निकाल देऊ नये, हे साध्या न्यायबुद्धीला पटते. मात्र या निकालाने आपली जबाबदारी वाढली आहे. सरकारने हे काम करू नये असे म्हणायचे आणि आपणही ते टाळायचे, हे चालणार नाही.

वेळही आता आपल्या बाजूने नाही. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी होते. आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती भारतीय जनता पक्षाच्या अधिकृत खात्यावरून प्रसारित झाल्या. दोघांनीही त्या नाकारल्या. ‘बूम’ या तथ्य-पडताळणी करणाऱ्या संकेतस्थळाने तपासणी करून त्यांतल्या काही कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केल्या असण्याची शक्यता नोंदवली. मतदानाला काही तास उरलेले असताना जे सिद्ध नाही ते ऐकवायचेच नाही, आरोप झाला आणि तो नाकारला गेला एवढेच सांगायचे, हा संयम प्रत्येक वृत्तवाहिनीने आणि पोर्टलने आधीच ठरवून ठेवला पाहिजे. ऐन वेळी ठरवू म्हटले तर शेजारच्या वाहिनीकडे पाहूनच निर्णय होतो.

मित्रहो, हे सारे करायचे कोणी? बातमीमागे तुटपुंजे मानधन घेणाऱ्या, स्वतःच्या दुचाकीत स्वतःचे पेट्रोल घालणाऱ्या तालुक्याच्या वार्ताहराने. राजापूरचे शशिकांत वारिशे यांना आपण कोणीही विसरलेलो नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी रिफायनरीच्या वादाशी संबंधित त्यांची बातमी प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला वाहनाने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ सालीच मंजूर केला होता. कायदा असूनही जो वार्ताहर एकटा पडतो, त्याला आम्ही शहरातल्या वातानुकूलित दालनातून पडताळणीचे धडे देऊ नयेत. आधी त्याच्या बातमीखाली संपादकाने उभे राहावे, वकिलाचा खर्च वृत्तपत्राने उचलावा, आणि धोक्याची बातमी एकाच्या नावावर न जाता तीन-चार पत्रांनी मिळून द्यावी.

म्हणून या अधिवेशनाने चार गोष्टींचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. पहिली, विधानातला आकडा चूक असेल तर ते त्याच बातमीत, शक्य तर मथळ्यातच सांगावे. दोन दिवसांनी आतल्या पानावरच्या चौकटीत नको. दुसरी, आपण ज्या कागदावर विसंबलो तो वाचकाला दाखवावा, म्हणजे त्याला आपल्यावर नुसता विश्वास ठेवावा लागणार नाही. तिसरी, मोजपट्टी सर्वांना एकच असावी. जाहिरात देणाऱ्याला सूट नको आणि आपल्या विचारांच्या माणसाला तर मुळीच नको. २००९ च्या निवडणुकीतील पेड न्यूज पी. साईनाथ यांनी उजेडात आणल्यापासून वाचक आपल्याकडे संशयाने पाहतो, आणि तो संशय वागणुकीनेच फिटेल. चौथी, जिल्ह्यातल्या सर्व पत्रांनी आणि पोर्टलांनी मिळून एक दप्तर उभारावे. प्रकल्प अहवाल, ग्रामसभांचे ठराव, उमेदवारांची शपथपत्रे, माहिती अधिकारातील उत्तरे, मंत्र्यांनी दिलेल्या तारखा हे सगळे त्यात असावे आणि मंडणगडपासून राजापूरपर्यंत कोणत्याही वार्ताहराला ते विनामूल्य मिळावे.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही, परदेशी निधी लागत नाही. दप्तराची पहिली यादी उद्याच्या सत्रात तयार व्हावी आणि तालुकावार जबाबदारी इथेच वाटली जावी. मी तुमच्याबरोबर बसून हे काम करीन.