मुलांच्या कादंबऱ्यांतील अंतराळ आणि भय

मुलांच्या हातीं भीतीची गोष्ट द्यावी कीं देऊं नये, हा प्रश्न सुशिक्षित घरांत केव्हांना केव्हां उपस्थित झाल्यावांचून राहत नाहीं. मूल नऊदहा वर्षांचें होतें; राजपुत्र व परी यांच्या कथांना तें विटतें; मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून त्याच्या आटोक्याबाहेर असतात. नेमक्या याच वयांत तें अशीं पुस्तकें मागूं लागतें कीं ज्यांत काळोख आहे, अनोळखी जग आहे आणि छाती धडधडण्याजोगें कांहींतरी आहे. आई म्हणते, "रात्रीं झोंपेंत दचकेल." वडील म्हणतात, "त्यापेक्षां थोरांचीं चरित्रें वाचावींत." आजी तेवढी गप्प असते, कारण पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट तिनेंच पूर्वीं सांगितलेली असते.

या वादांत अंतराळप्रवासाच्या कादंबऱ्यांचें स्थान कांहींसें निराळें आहे. मुंजा पिंपळावर राहतो, हडळ विहिरीपाशीं असते, वेताळ गांवकुसाबाहेर फिरतो. या सर्वांचे पत्ते ठाऊक असतात. पिंपळ टाळला कीं मुंजा टळतो. घरीं येऊन दाराला कडी लावली कीं भीति निम्मी होते. अंतराळाच्या गोष्टींत ही सोय उरत नाहीं. तेथें घरच मागें राहिलेलें असतें. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर. आणि सूर्य वगळल्यास जो तारा सर्वांत जवळ, त्याचा प्रकाश येथें पोंचावयास सुमारें सव्वाचार वर्षें लागतात. वाटेंत हवा नाहीं, म्हणून हांक मारली तरी ती कोणास ऐकूं जात नाहीं. जत्रेंत आईचा हात सुटलेल्या मुलाच्या मनांत जी भीति असते, तीच येथें असते. मात्र जत्रेला अंत नाहीं आणि परतीची वाट ठाऊक नाहीं.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यानें ही भीति फार लवकर हेरली. तोफेच्या गोळ्यांत बसून चंद्राकडे जाण्याची त्याची कादंबरी १८६५ मध्यें निघाली आणि तिचा उत्तरार्ध १८७० मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. तीन प्रवासी, दोन कुत्रे व कांहीं कोंबड्या एवढा संसार घेऊन गोळा निघतो. सारा मामला थट्टामस्करीचा आहे. परंतु निघतांनाच्या धक्क्यानें 'सॅटेलाइट' नांवाच्या कुत्र्याच्या डोक्याला इजा होते व तो मरतो. प्रवासी झडप क्षणभर उघडून त्याचें शव बाहेर टाकतात. पुढें कांहीं वेळानें खिडकींतून पाहावें, तों तें शव गोळ्याच्या बरोबरीनें चाललेलें! तें मागें पडत नाहीं आणि खालींही पडत नाहीं.

वाचणारें मूल या ठिकाणीं थबकतें. मग त्याला कळतें कीं यांत भुताटकी कांहीं नाहीं. गोळ्याचा जो वेग तोच कुत्र्याचा, आणि त्याला अडविणारी हवा तेथें नाहीं. मग तो मागें राहील कशामुळें? येथें व्हर्नचें शास्त्र बरोबर आहे. दुसऱ्या एका ठिकाणीं तो चुकला. पृथ्वी व चंद्र यांचें आकर्षण जेथें सारखें होतें, त्या एकाच स्थळीं प्रवाशांचें वजन नाहींसें होतें, असें त्यानें लिहिलें. वस्तुतः तोफेंतून सुटून हवेच्या बाहेर पडल्यावर सर्व वाटभर त्यांना वजन जाणवावयास नको होतें. ही चूक ध्यानांत घेऊनही व्हर्नची पद्धत शिकण्यासारखी आहे. आधीं अंगावर कांटा आणावयाचा, आणि नंतर त्याचें कारण दाखवावयाचें. कारण समजलें तरी तो कुत्रा मनांतून जात नाहीं. पण मुलाची बुद्धि आतां भीतीच्या बरोबरीनें चालूं लागलेली असते.

इंग्रज लेखक एच्. जी. वेल्स याची चंद्रावरील पहिल्या मानवांची कादंबरी १९०१ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत कॅव्हॉर नांवाचा शास्त्रज्ञ व त्याचा सोबती बेडफर्ड चंद्रावर उतरतात आणि भटकतां भटकतां आपलें गोलाकार यान कोठें ठेवलें तेंच विसरतात. चंद्रावरील रात्र पृथ्वीवरील सुमारें चौदा दिवसांइतकी लांब. आणि वेल्सनें कल्पिलेल्या चंद्रावर रात्र पडतांच हवासुद्धां गोठून हिमासारखी खालीं येते. सूर्य मावळूं लागतो तेव्हां बेडफर्डला यान सांपडतें, पण कॅव्हॉर सांपडत नाहीं. सांपडते ती त्याची घाईनें खरडलेली, अर्धवट राहिलेली चिठ्ठी. बेडफर्ड एकटाच परततो. पुढें चंद्रावरून बिनतारी संदेश येऊं लागतात: कॅव्हॉर जिवंत आहे! एकामागून एक संदेश येतात. आणि मग एकदां वाक्य पुरें होण्यापूर्वींच ते कायमचे थांबतात. पुस्तक निघालें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मार्कोनीनें अटलांटिक महासागरापलीकडून आलेली बिनतारी खूण ऐकली. रेडिओ ऐकतां ऐकतां बोलणाऱ्याचा आवाज मध्येंच तुटला म्हणजे खोलींत जी शांतता पसरते, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शेवटाचें मर्म निराळें सांगावयास नको. व्हर्नच्या कथेंत भीतीचें कारण कळलें. वेल्सच्या कथेंत तिची किंमत कळते.

या दोन्ही कथांतील प्रवासी प्रौढ पुरुष आहेत. मुलांनीं त्या कादंबऱ्या आपल्याशा केल्या, एवढेंच. मुलांसाठींच लिहिलेली आणि मुलांनाच अंतराळाच्या काळोखांत नेणारी जी एक कादंबरी दोन पिढ्यांहून अधिक काळ वाचली जात आहे, ती मॅडलीन लेंगल या अमेरिकन लेखिकेची. या बाईंचा जन्म १९१८ मध्यें न्यूयॉर्क येथें झाला व २००७ मध्यें त्या वारल्या. 'ए रिंकल इन टाइम', म्हणजे काळाला पडलेली सुरकुती, हें त्या पुस्तकाचें नांव. एकामागून एक अनेक प्रकाशकांनीं हस्तलिखित परत केलें. हें पुस्तक मुलांचें कीं मोठ्यांचें, असा त्यांना प्रश्न पडे. मुलांना तें झेपणार नाहीं, असेंही वाटे. अखेर तें १९६२ मध्यें छापलें गेलें, आणि लगेच १९६३ मध्यें मुलांच्या उत्कृष्ट ग्रंथास मिळणारें न्यूबेरी पदक त्यास मिळालें. तरी वाद मिटला नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत ज्या पुस्तकांवर अमेरिकेंत वारंवार आक्षेप घेतले गेले, त्यांच्या यादींत तेथील ग्रंथालय संघानें याचेंही नांव नोंदलें आहे. आक्षेपांपैकीं कांहीं धार्मिक स्वरूपाचे होते. पण मुलांना हें सोसेल कां, ही शंका पुस्तकाच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशीं लागलेली आहे.

गोष्ट थोडक्यांत अशी. मेग मरी ही शाळेंत रमत नसलेली, चष्मा लावणारी, स्वतःला कुरूप व मठ्ठ समजणारी मुलगी. तिचे शास्त्रज्ञ वडील बेपत्ता झालेले आहेत. तीन चमत्कारिक म्हाताऱ्या मेगला, तिच्या पांच वर्षांच्या अतिशय बुद्धिमान भावाला, म्हणजे चार्ल्स वॉलेसला, आणि कॅल्व्हिन नांवाच्या मित्राला वडिलांच्या शोधार्थ घेऊन जातात. येथें यान नाहीं. मुंगी झग्याच्या काठावरून चालूं लागली तर तिला लांबची मजल आहे. पण तेंच कापड दुमडून दोन टोकें जवळ आणलीं तर ती एका पावलांत पलीकडे जाईल. अवकाशाला तशी घडी घालून हीं मुलें प्रवास करतात. हें शास्त्र नव्हे, कल्पना आहे. पण मुंगी व कापड यांमुळें ती दहा वर्षांच्या मुलालाही कळते.

शोधाच्या वाटेवर कॅमाझॉट्झ नांवाचा ग्रह लागतो. तेथें राक्षस दांत विचकीत येत नाहीं. एक स्वच्छ, नीटनेटकी वसाहत दिसते. सर्व घरें एका मापाचीं, एका रंगाचीं. प्रत्येक दारापुढें एक मूल खेळत आहे. कोणी चेंडू आपटतें, कोणी दोरीवरून उड्या मारतें. परंतु सारे चेंडू एकाच क्षणीं जमिनीला लागतात आणि साऱ्या दोऱ्या एकाच क्षणीं उठतात. एका मुलाचा चेंडू मात्र हातांतून निसटतो. तोंच त्याची आई धांवत बाहेर येते व त्याला ओढून आंत नेते. तिचा चेहरा भीतीनें पांढरा पडलेला असतो. पाहुणीं मुलें चेंडू परत द्यावयास जातात, तर आपल्या मुलाच्या हातून चेंडू निसटलाच नाहीं, असें ती सांगते. त्या सर्व जगावर एका अवाढव्य, शरीरहीन मेंदूची सत्ता आहे आणि त्याच्या तालाबाहेर जाणें हा तेथें गुन्हा आहे.

कॅमाझॉट्झनंतर मेग दुसऱ्या एका ग्रहावर पोंचते. तेथील रहिवाशांना डोळेच नाहींत. अंग करडें, केसाळ, बोटांच्या जागीं अनेक सोंडा. मेग प्रथम किंचाळते. पुढें त्यांपैकींच एक प्राणी तिला कुशींत घेऊन बरी करतो, आणि आईच्या मायेची आठवण यावी अशी त्याची माया असते. या दोन ग्रहांच्या जोडींत पुस्तकाचें सार आहे. जें दिसावयास भयंकर, तें प्रेमळ निघालें. जें दिसावयास व्यवस्थित, तेंच खरें भयंकर होतें. भिऊं नये असें हें पुस्तक कोठेंही सांगत नाहीं. कशाला भ्यावें, याची पारख मात्र तें मुलाला करून देतें. आणि ही पारख थोरांच्या चरित्रांतूनही सहजासहजीं लाभत नाहीं.

पालकांना खटकणारा भाग याच्याही पुढें आहे. मेगला वडील सांपडतात. आतां सर्व ठीक होईल, अशी तिची खात्री असते. पण ते मेग व कॅल्व्हिन यांना घेऊन त्या ग्रहावरून निसटतात, तेव्हां मेंदूच्या कबजांत गेलेला चार्ल्स वॉलेस मागेंच राहतो. मेग वडिलांवर संतापते. ते शास्त्रज्ञ असून, वडील असून, त्यांना सर्व कांहीं कां करतां येऊं नये? त्यांना तें करतां येत नाहीं, हेंच खरें असतें. चार्ल्सला मेगइतकें दुसरें कोणी ओळखत नाहीं, म्हणून परत जावयाचें तें तिनेंच, आणि एकटीनें. वडील मोठ्या कष्टानें होकार देतात. शेवटीं तिला जय मिळतो तो बुद्धीनें नव्हे. बुद्धि तर त्या मेंदूजवळ कितीतरी अधिक आहे. भावावरची माया तेवढी त्याच्याजवळ नसते आणि तिच्याजवळ असते.

हें प्रकरण वाचून मूल दचकेल काय? कदाचित् दचकेलही. आईबाप सर्वसमर्थ नाहींत, ही जाणीव कोणत्याही हडळीपेक्षां अधिक घाबरविणारी आहे. पण ती नवव्या-दहाव्या वर्षीं मुलाला आपोआप होऊं लागलेली असते. घरांतलें आजारपण, वडिलांची गेलेली नोकरी, आजोबांचा मृत्यु यांतून तें तें हळूहळू ताडतें, आणि बोलत नाहीं. पुस्तकांत तीच गोष्ट अंतराळाइतक्या दूर अंतरावर ठेवलेली असते, म्हणून ती त्याला पाहवते. शिवाय पुस्तक मिटतां येतें. चित्रपटांतलें भय दुसऱ्यानें ठरविलेल्या मापाचें असतें; पुस्तकांतील काळोख मूल आपल्या कल्पनेच्या मापानेंच रंगवितें आणि सोसवेल तेवढाच रंगवितें. फार कोवळ्या मनाच्या मुलाला हें पुस्तक वर्षभर उशिरा द्यावें, यांत कमीपणा नाहीं.

मराठी मुलांना व्हर्नची गोडी भा. रा. भागवत यांच्या रूपांतरांनीं लावली. ज्योतिःशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनीं १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं टोपणनांवानें जी कथा पाठविली व जिला पहिलें पारितोषिक मिळालें, तिचें नांव 'कृष्णविवर'. ज्यांतून प्रकाशकिरणही परतत नाहीं, तें कृष्णविवर! परत न येण्याच्या त्या जुन्या भीतीला शास्त्रानें दिलेलें हें नवें नांव होय. नारळीकर २०२५ मध्यें वारले. त्यांच्या कथा मात्र घरोघरीं मुलांच्या हातीं देण्याजोग्या आहेत.

तेव्हां घरांत असें पुस्तक आलें तर वडीलधाऱ्यांनीं तें आधीं स्वतः वाचावें. भीतीला कारण आहे कीं नुसता आरडाओरडा आहे, आणि संकटांत मुलाला करण्याजोगें कांहीं ठेवलें आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. मूल वाचीत असतां त्याच खोलींत आपलें काम घेऊन बसावें. तें भ्यालें तर हंसूं नये, आणि तात्पर्य विचारूं नये. तें आपण होऊन कांहीं विचारील. "सर्वांत जवळचा तारा कोणता?" असें त्यानें विचारलें, तर मेच्या अखेरीस रात्रीं दहाच्या सुमारास त्याला गच्चीवर न्यावें. दक्षिणेकडे घरें-झाडें आड येत नसतील, तर क्षितिजाच्या थोडा वर एक तेजस्वी तारा दिसतो. सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा तो सर्वांत जवळचा तारा याच्याच परिवारांतला. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं, पण हा दिसतो. आपल्याकडे या ताऱ्याचें नांव आहे 'मित्र'.