एक नाव, दोन मुळ्या
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



या सभेत आम्ही जमाखर्चाविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. तो तपशील पुढील पानांवर आहेच. आज मात्र एका मुळीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी.

चिनी वैद्यकात ‘फांग-जी’ ही मुळी अंगावरील सूज, सांधेदुखी आणि लघवीच्या तक्रारींवर पूर्वापार दिली जाते. परंतु या एका नावाखाली दोन भिन्न वेलींची मुळे बाजारात येत. ‘हान फांग-जी’ ही स्टेफानिया वेलीची, म्हणजे आपल्या गुळवेलीच्याच कुळातील. ‘ग्वांग फांग-जी’ ही अ‍ॅरिस्टोलोकिया वेलीची. या दुसरीत जे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते, ते मूत्रपिंडाचा घात करते. चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी भेद कळणे कठीण.

१९९० नंतर बेल्जियममध्ये ब्रुसेल्स येथे वजन घटविण्याच्या औषधात पहिलीच्या नावाने दुसरीचे चूर्ण गेले. १९९३ साली डॉक्टरांनी हा प्रकार जगापुढे मांडला. शंभराहून अधिक रुग्णांची, त्यांत बहुतेक स्त्रियाच, मूत्रपिंडे बाधित झाली. कित्येकींच्या वाट्याला डायलिसिस आले. औषध बंद होऊनही भोग संपला नाही. निकामी मूत्रपिंडे व मूत्रनलिका काढलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत कर्करोग आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे २००४ साली चीननेही ग्वांग फांग-जीची औषध म्हणून असलेली मान्यता काढून घेतली.

आम्ही वाणिज्य शाखेचे. औषधशास्त्रात आमचा अधिकार नाही. बिलावरील नाव आणि पोत्यातील माल एकच आहे ना, हे पाहणे एवढीच आमची विद्या. ब्रुसेल्सला चुकले ते नेमके तेवढेच!

हे सारे दूरदेशीचे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडील सापसंद ही वेलही अ‍ॅरिस्टोलोकियाच. सर्पदंशावर तिची मुळी देण्याची जुनी चाल आहे, आणि तिच्यातही हे आम्ल असते.

यात कोणत्याही उपचारपद्धतीचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. घरी चाललेला काढा वा चूर्ण डॉक्टर रागावतील या भीतीने आप्तजन लपवितात, हे आम्ही नित्य पाहतो. रागावणार कोणी नाही. रुग्णास दाखल करतेवेळी केसपेपरच्या खिडकीवर ते आवर्जून सांगावे आणि पुडी सोबत आणावी. तिच्यावर नाव लिहिलेले नसले, तरीही आणावी.